न गळणारं छप्पर

मिस्त्रींनी घातलेलं छप्पर गळत नाही, असं लोक म्हणायचे आणि मिस्त्रींनाही ते मनापासून पटलेलं होतं. तीस वर्षं त्यांनी गोदामांवर, कारखान्यांवर, शाळांवर पत्रे चढवले. कुठून एका थेंबाची तक्रार आली, तर मजुरीचं नावही न काढता ते पुन्हा वर चढायचे. बाकी मिरवावं असं त्यांच्यापाशी काही नव्हतं. शिक्षण चौथीपर्यंत, बोलणं मोजकं आणि हसणं त्याहून कमी.

दोन वर्षांपूर्वी एका गोदामावर त्यांचा पाय उजेडासाठी बसवलेल्या प्लास्टिकच्या पत्र्यावर पडला. त्यावर पाय द्यायचा नाही, हे त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना बजावलं होतं. पत्रा कागदासारखा फाटला आणि मिस्त्री वीस फूट खाली आले. खुब्यात पट्टी बसवली, डावा पाय दोन बोटं आखूड झाला. ठेकेदार एकदा सफरचंदं घेऊन भेटून गेला, तो पुन्हा फिरकला नाही.

तेव्हापासून घर चालत होतं ते बायकोच्या कोंबड्यांवर. तांबडं फुटायच्या आत ती परसातलं खुराडं साफ करायची, अंडी पुसून टोपलीत ठेवायची आणि कोपऱ्यावरच्या बेकरीत पोचवून यायची. मिस्त्री खिडकीत बसून बघायचे. आपण घरात पाहुण्यासारखे झालो आहोत, आणि पाहुणा लांबला की घरच्यांचे चेहरे कसे होतात, हे त्यांना कळत होतं. बायको तोंडाने काही म्हणायची नाही. त्याचाच त्यांना जास्त त्रास व्हायचा.

अशात एक बोका मागे लागला. खुराड्याला तीन बाजूंनी फळ्या होत्या, समोर दार असलेली जाळी होती आणि वर नुसती ताडपत्री टाकून विटा ठेवलेल्या होत्या. फळी आणि ताडपत्री यांच्यामधल्या फटीतून बोका आत शिरला आणि आठवड्यात दोन कोंबड्या घेऊन गेला. चौदा उरल्या. बायको म्हणाली, भावाला बोलावते, तो येऊन दोन पत्रे टाकून देईल. तिचा भाऊ टेम्पो चालवायचा.

“टेम्पोवाला छप्पर घालणार आणि मी खिडकीतून बघणार होय?” मिस्त्री म्हणाले.

भावाला बोलवायचं तिने सोडून दिलं.

काम छातीइतक्या उंचीचं होतं, शिडी लागणार नव्हती. तरी त्यांना चार दिवस लागले. घटकाभर उभं राहिलं की खुब्यातून कळ निघायची, मग भिंतीला टेकून ती ओसरायची वाट बघायची. पण हात विसरले नव्हते. पुढची बाजू मागच्यापेक्षा वीतभर उंच ठेवून त्यांनी उतार काढला. एका पत्र्यावर दुसरा दीड पन्हळ चढवला. भोकं पन्हळीच्या खोलगटात न पाडता उंचवट्यावर पाडली, कारण पाणी खोलगटातून वाहतं. प्रत्येक स्क्रूखाली रबरी वायसर घातला.

दुसऱ्या दिवशी बायको शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, “अहो, वर चार बोटं फट ठेवा. हवं तर तिथे जाळी मारा. कोंबडीला घाम येत नाही, तिला वारा लागतो.”

“फट ठेवायची तर छप्पर कशाला? चाळणच घाल की त्यांच्या डोक्यावर.”

गोदामाच्या छपराला फट म्हणजे शिवी. त्यांनी पत्रा आणि फळी यांच्यामधली जागा लाकडी पट्ट्या ठोकून बुजवली आणि वरून डांबर फासलं. तिरपा पाऊस आला तर खाली सोडता यावी म्हणून समोरच्या जाळीवर बिजागरीची पत्र्याची झडप बसवली. तीही अशी, की बंद केल्यावर कडेने नख जाणार नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी शेजारच्या शिंप्याला बोलावलं, त्याला खुराड्यात डोकं घालायला लावलं आणि छपरावर दोन बादल्या पाणी ओतलं. शिंपी डोकं बाहेर काढून म्हणाला, “कोरडा ठणठणीत आहे, मिस्त्री. मेलो तो फक्त वासाने.” मग गंभीर होऊन त्याने विचारलं, की माझ्या गॅलरीवर असंच घालून द्याल का. दोन वर्षांत मिस्त्रींना कोणी काम विचारलं नव्हतं. त्या रात्री ते पोटभर जेवले. बायकोही त्यांना वाढता वाढता हसली.

दुसऱ्या दिवशी तिला बहिणीला भेटायला इस्पितळात जायचं होतं. सकाळी आभाळ भरून आलं होतं आणि बोका भिंतीवर येऊन बसला होता. ती जाताना सांगून गेली, की आज कोंबड्यांना बाहेर सोडू नका, पण लक्ष ठेवा. ती गेल्यावर चार थेंब पडले. मिस्त्रींनी झडप सोडली, कडी लावली. चार दिवसांच्या कामाने खुबा ठणकत होता. दुखण्याची गोळी घेऊन ते पाच मिनिटं पडावं म्हणून आडवे झाले.

जाग आली तेव्हा तीन वाजून गेले होते. खिडकीतून लख्ख ऊन आत आलं होतं. परसात काहीच आवाज नव्हता.

पत्र्याला हात लावताच चटका बसला. त्यांनी कडी काढून झडप उचलली, जाळीचं दार उघडलं, आणि आतली हवा भट्टीच्या तोंडासारखी अंगावर आली. कोंबड्या पंख पसरून एकमेकींवर पडल्या होत्या. दाराशी असलेल्या पाचांच्या चोची उघड्या होत्या आणि गळे थरथरत होते. बाकीच्या हलत नव्हत्या. त्यांनी पाचांना एकेक करून बाहेर काढलं, सावलीत ठेवलं, चोचीवर पाणी शिंपडलं. मग आत हात घालून उरलेल्यांनाही हलवून पाहिलं. नऊच्या नऊ गेल्या होत्या.

शिंप्याने भिंतीवरून पाहिलं. हळू आवाजात म्हणाला, “पलीकडच्या गल्लीत कोंबड्यांवर रोग आलाय म्हणतात. तोच असेल. वहिनींना तसंच सांगा.”

मिस्त्रींनी मान हलवली. सांगायला सोपं होतं. शिंपी साक्षीला उभा राहिला असता, आणि गॅलरीचं कामही हातचं गेलं नसतं. ती येईपर्यंत ते पायरीवर बसून हेच घोकत होते.

ती आली आणि पिशवी खाली ठेवली. मग वाकून एका कोंबडीचा पंख तिने उचलून पाहिला.

“काय झालं यांना?”

“छप्पर,” मिस्त्री म्हणाले. “माझं छप्पर. झडप मीच लावली आणि झोपलो.”

तिने पंख सोडला. पदर खोचला, कुदळ आणली आणि भिंतीच्या कडेला खणायला लागली. खणणं मिस्त्रींच्याने होणारं नव्हतं, त्यांना उकिडवं बसताच येत नव्हतं. ते उभ्यानेच तिला एकेक कोंबडी देत राहिले. अंगं अजून गरम होती. ती प्रत्येकीला नीट आडवी ठेवत होती, जशी रोज अंडी टोपलीत ठेवायची तशी सावकाश. माती लोटून झाल्यावर तिने हात धुतले, उरलेल्या पाच कोंबड्या पाटीत घातल्या आणि स्वयंपाकघरात नेल्या.

पाणी हवं का, म्हणून मिस्त्री तांब्या घेऊन मागोमाग गेले.

“तुम्ही यांच्याजवळ येऊ नका,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तिने त्यांच्या हातातून तांब्या घेतला आणि दार लोटून घेतलं.