दोन गोळ्यांच्या कात्रीत

भागीदारीत केशकर्तनालय चालवणाऱ्या त्या कारागिराला गिऱ्हाइकं ‘लोणी’ म्हणायची. त्याचा वस्तरा गालावरून फिरू लागला की माणसाला खुर्चीतच डुलकी लागायची. लहानपणापासून त्याला फिट येतात, हे डॉक्टरीणबाई सोडल्या तर फक्त बायकोला ठाऊक होतं. रोज जेवण झालं की गोळी घ्यायची, अशी कित्येक वर्षं बिनघोर गेली होती.

मग खोकला जडला आणि तपासणीत क्षय निघाला. दवाखान्यातल्या नर्सने विचारलं, "आणखी कुठलं औषध चालू आहे?"

शेजारच्या बाकावर त्याचंच एक गिऱ्हाईक बसलं होतं. "नाही हो," लोणी म्हणाला. बायकोने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

क्षयाच्या गोळ्यांनी खोकला हटला, अंगावर मांस चढू लागलं. आणि एका सकाळी ड्रॉइंग मास्तरांच्या गळ्याला साबण लावून झाला असताना लोणी धाडकन आडवा झाला. वस्तऱ्याने मास्तरांचा कान चिरला. कानावर निभावलं म्हणायचं, पण गल्लीभर बोभाटा झाला.

फिटच्या डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत, तेच त्याला जास्त लागलं. "औषधाचा निचरा यकृत करतं," त्या म्हणाल्या. "क्षयाची गोळी त्या यकृताला दामटते. मग तुमची फिटची गोळी काम करायच्या आतच शरीराबाहेर. आता डोस वाढवते. पण क्षयाचं औषध संपलं की ताबडतोब या. यकृत पुन्हा मंदावेल आणि हाच डोस अंगात विषासारखा साचेल."

"येतो ना," तो म्हणाला.

गेला नाही. क्षयाचा कोर्स संपला तोवर फिट पार थांबल्या होत्या. बायको मागे लागली, "अहो, बाईंनी सांगितलंय."

"डोस कमी करतील गं त्या. आणि परत आली तर? या वेळी कान नसेल, गळा असेल."

आधी त्याला एकाचे दोन दिसू लागले. मग चालताना झोक जायला लागला, हात थरथरू लागले. "पन्नाशीत प्यायला शिकला," शेजारी हसायचे. बायकोनेही एकदा तो झोपलेला पाहून त्याचं तोंड हुंगलं आणि मोरीत जाऊन रडली. शेवटी जिन्यावरून पडला तेव्हा रक्त तपासलं. औषध भलतंच साचलं होतं.

डोस उतरवला. डोळे सुधारले. हाताची थरथर मात्र गेली नाही. "मेंदूचा तोल सांभाळणारा भाग दुखावलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही जणांचं भरून येतं."

बरीच वाट पाहिली. याचं आलं नाही.

दुकानातल्या भागीदाराने त्याची खुर्ची दुसऱ्याला दिली. वाईट माणूस नव्हता तो. "येऊन बसत जा की," म्हणाला. लोणी थोडे दिवस जाऊन बसलाही. पण तो आत आला की गिऱ्हाइकं पेपर तोंडासमोर धरायची. मग त्याने जाणं सोडलं.

आता बायको कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावायला जाते. संध्याकाळी आल्यावर विचारते, "काय केलंत दिवसभर?"

"बसलो होतो."

ती हातपाय धुऊन स्वयंपाकाला लागते.