समुद्राच्या धास्तीतले मामा

अख्ख्या मराठवाड्यात समुद्राची धास्ती घेतलेले गृहस्थ एकच, आणि ते म्हणजे आमचे धाकटे मामा, हे मी कुठल्याही सभेत ठासून सांगेन. मामांच्या देवणी गावात नळ महिनोन्महिने कोरडे, टँकरचा भोंगा वाजला की गाव घागरी घेऊन धावतंय, आणि जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले मामा त्याच रांगेत उभे राहून समुद्राचं पाणी वाढतंय म्हणून हळहळतायत! बाकीचे लोक उदगीर जिल्हा कधी होणार यावर हमरीतुमरीवर यायचे. मामा मध्येच तोंड घालायचे, "जिल्हा व्हईल तवा व्हईल हो. तिकडं दक्षिण ध्रुवाचा बर्फ तडकायलाय, त्याचं बोला की!"

समजावून सांगण्याची हौस तर दांडगी. "समुद्रावर तरंगतो तो बर्फ म्हंजे उतारावरच्या गाडीच्या चाकाला लावलेला धोंडा. धोंडा फुटल्यानं पाणी लई वाढत न्हाई. पर मागं जमिनीवर थोरला बर्फ हाय, ती भरलेली गाडी. ती घसरली, की किनारा बुडाला समजा." एकदा हे सांगण्याच्या नादात टँकर रिकामा होऊन निघूनही गेला. त्या दिवशी मामींनी त्यांना चहा दिला नाही. माझ्या बहिणीला अलिबागचं स्थळ आलं, तेव्हा मुलाचा पगार राहिला बाजूला, मामांचा पहिला प्रश्न, "घर किती उंचावर हाय?"

ही सगळी विद्या त्यांच्या एकुलत्या लेकीची, सुजाताची. ती बर्फाचा अभ्यास करते, हे मामा ओळखदेख नसलेल्या माणसालाही 'जय भीम' घालून लगेच सांगायचे. आणि एके दिवशी तिची दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर निवड झाली. मामा म्हणाले, "ज्या धोंड्याचा भरोसा न्हाई म्हणून गावाला सांगत आलो, त्याच्यावरच लेकीला उभी करू?" सुजाता म्हणाली, "बाबा, तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार." तिनं हट्ट धरला असता तर बरं, असं झालं त्यांना. जेवण गोड लागेना. शेवटी मामीच कडाडल्या, "बैलांच्या लाथा खाऊन जन्म काढलात, एक दिवस तरी भिऊन घरी बसलात का? मग तिलाच का बसवता?"

मामा उठले, तोंड धुतलं आणि लेकीला म्हणाले, "जा."

तिथून तिचा पहिला फोन आला तेव्हा सगळी गल्ली जमली होती. आता मामा बर्फाच्या तड्यांची चौकशी करणार म्हणून आम्ही कान टवकारले. मामांनी घसा खाकरला.

"सुजे, तिथं प्यायला पाणी मिळतंय का ग?"

"बर्फ वितळवून पितो, बाबा."

"वितळव, पर लागंल तेवढाच, बाळा."

गल्ली खो खो हसली, मामाही हसले. त्या माणसाचा भाचा असल्याचा मला इतका अभिमान वाटला, की माझेच डोळे भरून आले. पलीकडून फोन कधीच कट झाला होता. मामा तो कानाला लावून तसेच बसले होते.