उकिरड्यावरची गादी

कापूस हातात घेतला का तो कोनाच्या वावरातला हे सांगनारा आख्ख्या पिंपळगाव राजात मी एकटाच. फक्त माह्याच आंगनात पडलेली गादी कोनाची, हे मले बायकोनं सांगा लागलं.

पोरीचं लगन ठरलं होतं. मी म्हनलं, खामगावहून फोमची नवी गादी आनू, घरची जुनी नाल्यात फेकू. बायको तापलीच. ती जुनी गादी तिच्या बापानं तिच्या लगनात देल्ली होती, घरच्या वावरातला कापूस भरून. आता बाप राह्यला नाही, वावर बी भावायनं इकलं.

"बापाचं एवढंच उरलं माह्यापाशी," म्हने. "हाच कापूस पिंजून पोरीले गादी भरायची. अन् नाल्याचं नाव काढू नका. मागच्या पावसाळ्यात नाल्यात फोमची गादी अडकून गल्लीत पानी घुसलं, ती कोनाची होती सांगू का साऱ्यायले?"

माहीच होती. म्हनून मी लगेच सुधारलो. पारावर बसून लोकायले ग्यान देऊ लागलो, "गादी फेकू नका बे! फोम सडत नाही, कापूस तं पिंजला का नवा." लोकं माना हलवत. पारावर मानच हलवतात, गादी कोनी हलवत नाही.

मंग एक दिवस गाडीवर मशीन घेऊन पिंजनारा आला. बायको अन् पोरगी लगनाचे कपडे घ्याले खामगावले गेलेल्या. गादी उसवली तं कापूस कमी वाटला. म्हनलं, जवाई पातळ गादीवर झोपीन तं जलमभर सासऱ्याले नाव ठेवीन. तेवढ्यात आठवलं, सकाळीच उकिरड्यावर एक गादी पाह्यली होती. गेलो अन् डोक्यावर घेऊन मिरवत आनली. वाटेत लोकं हासून राह्यले होते. मले वाटलं कवतिक चाललं.

मशीनवाला म्हने, "दादा, दोन्ही अलग अलग पिंजू का?"

"काऊन? कापूस का जातपात पाह्यते? टाक एकात!"

आंगनात पांढरा ढीग लागला. मले एवढी खुशी झाली का मी त्याच्यात लोळून घेतलं.

दिवस कलता कलता दोघी आल्या. ढीग पाहून बायको खुश. मंग कोपऱ्यात तिले उकिरड्यावरल्या गादीची मोरं छापलेली खोळ दिसली.

"हे कुठून आनलं?"

"फुकट भेटलं. उकिरड्यावर."

तिनं कपाळावर हात मारला. "अहो, ही तं आपल्या मागच्या घरच्या बुढ्याची गादी! परवा तेरवी झाली त्याची. मेल्या मान्साची गादी लोकं बाहीर टाकतात, अन् तुमी पोरीच्या लगनाच्या गादीत घातली? आता माह्या बापाचा कापूस कसा काढू याच्यातून?"

मी मूठभर कापूस घेतला, पारख कराले. दुसरी मूठ घेतली. सारा सारखाच. बायको ढिगाजवळ खालीच बसली अन् रडाले लागली.

रडनं आयकून मागच्या घरची बुढी आली. बायकोनं सारं सांगितलं. नवऱ्याची तेरवी होऊन दोनच दिवस झालेली ती बाई, पदर तोंडाले लावून हासाले लागली.

"अवं, बुढा तं दवाखान्यातल्या खाटेवर गेला. त्या गादीवर मीच झोपत होती. ढेकनं झाले म्हनून फेकली."

"ढेकनंच ना?" बायकोनं डोळे पुसले. "मंग काही नाही. चांगलं ऊन दाखवू."

पोरगी म्हने, "राहू दे मंग, आई. आजोबाचा बी कापूस अन् या आजीचा बी. लहानपनी मी हिच्याच मांडीवर तं झोपत होती."

दुसऱ्या दिवशी कापूस गच्चीवर वाळू घातला, अन् राखनीले मले बसवलं. मी ढिगात लोळलेला मानूस, बसल्या बसल्या दोन्ही हातानं खाजवून राह्यलो होतो. बुढी पाहाले आली.

म्हनलं, "माय, तसा कापूस मी एका नजरेत ओळखतो, पन काल..."

"राहू दे रे," बुढी म्हने. "ढेकनाले बी आपली गादी ओळखू येते. तुले तेवढं बी येत नाही."