उरलेल्या कोयी

उन्हाळ्यात सुमनने, माझ्या बायकोने, गच्चीवर वाळत घातलेल्या आंब्याच्या कोयी मी घंटागाडीत टाकल्या. मेहुणे हसले होते, "काय, कोयींचं दुकान काढताय?" मला लाज वाटली. सुमन एवढंच म्हणाली, "थंडीत शेकायला त्यांच्याकडेच जाऊ या हं."

काल कडाक्याच्या थंडीत तिला माळ्यावर मूठभर कोयी सापडल्या. तिने त्या शेगडीत पेटवल्या आणि माझ्या आईचे गारठलेले पाय शेकले. आपण चोखून टाकलेल्यात तिला एवढी ऊब दिसली होती. मला नुसता कचरा दिसला.

"आणखी दोन टाक गं," आई म्हणाली. कोयी संपल्या होत्या.

आज मेहुणे चहाला आले. त्यांच्यासमोरच मी म्हणालो, "सुमन, त्या कोयी टाकायला नको होत्या. चुकलं माझं."