उम्म युसुफची फोडणी

फोडणी ओतताना उम्म युसुफ दचकायची. छातीवर हात ठेवून, 'हाऽ' असा मोठ्यांदा श्वास आत ओढायची. पहिल्यांदा तो आवाज भिंतीपलीकडून आला तेव्हा माझ्या बायकोला, नंदाला, वाटलं बाई भाजली. ती ओल्या हातांनीच शेजारी धावली, तर ही हसत उभी. मुलुखिया नावाच्या पालेभाजीवर लसूण-धण्याची फोडणी पडताना असा श्वास ओढायलाच हवा, नाहीतर पाला तळाशी बसतो.

"का, ते विचारू नको," ती म्हणाली. "तू तुझ्या आईला सगळं विचारलंस?"

शारजाला अल नहदा वस्तीत आमची दारं शेजारीशेजारी होती. तिचा नवरा हानी आणि मी एकाच ऑफिसात एस्टिमेटर, म्हणजे बांधकामाच्या खर्चाचा अंदाज काढणारे, आणि एकाच गाडीने जाणारे. कैरोच्या या बाईचं खरं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. युसुफची आई म्हणून उम्म युसुफ. माझी मुलगी सायली, म्हणून मी अबू सायली. तिचं इंग्रजी मोडकं, हिंदी सिनेमातून उचललेलं, पण बोलणं कधी अडलं नाही.

एका शुक्रवारी नमाजनंतर तिने आम्हाला जेवायला बोलावलं. आम्ही मांस खात नाही, म्हणून आमचं पातेलं वेगळं, कोंबडीच्या रश्शाशिवाय. "आज माझ्या मुलुखियाला उपवास," ती म्हणाली. पानात टाकू नये, या लहानपणच्या सवयीने मी ताट पुसून संपवलं. तिच्या घरी रिकामं ताट म्हणजे पाहुणा अजून उपाशी. तिने पुन्हा वाढलं, मी पुन्हा संपवलं. चौथ्या वेळी हानी म्हणाला, "हबीबी, थोडं टाक, नाहीतर ही पडदेसुद्धा शिजवेल."

शेवटी तिने भाकरीचा तुकडा मोडून माझ्यापुढे धरला. "ऐश व मल्ह. भाकरी आणि मीठ. आता आपण परके नाही. आमच्याकडे भाकरीला आणि जगण्याला शब्द एकच."

"आमच्यातही म्हणतात, खाल्ल्या मिठाला जागावं," नंदा म्हणाली. मी पाण्याचा ग्लास उचलला.

आता सांगतो. नंदालाही हे मी सांगितलेलं नाही. आदल्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. दोघांपैकी एकच एस्टिमेटर ठेवायचा होता. "कोणावाचून चालेल?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "हानीचं इंग्रजी जरा कच्चं आहे." खोटं नव्हतं ते. म्हणूनच जास्त टोचतं. परतताना गाडी मी चालवत होतो आणि हानी शेजारी बसून उद्याच्या मुलुखियाबद्दल बोलत होता.

चार दिवसांनी हानीला पत्र मिळालं. नोकरी गेली की घरादाराचा व्हिसाही जातो, आणि युसुफचं शाळेचं शेवटचं वर्ष. उम्म युसुफ दारात आली, तिच्या हातांना पीठ होतं.

"अबू सायली, तू साहेबाशी बोल. परीक्षा होईपर्यंत फक्त. आपल्यात भाकरी-मीठ आहे."

"इन्शाल्ला," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "आमची माणसं नाही म्हणायचं असलं की असं म्हणतात. तू कुठे शिकलास?"

मी गेलो होतो साहेबांकडे. खरंच गेलो होतो. ते म्हणाले, "खलास, कागद वर गेले. आणि नाव तर तुम्हीच दिलंत ना?" राजीनामा देतो, त्याला ठेवा, असं म्हणता आलं असतं. सायलीची फी, घराचं भाडं, सगळं डोळ्यांपुढे आलं आणि मी माझ्या टेबलाशी जाऊन बसलो.

ते गेले त्या दिवशी लिफ्टपाशी बॅगा रचल्या होत्या. तिने नंदाच्या हातात वाळवलेल्या मुलुखियाची पिशवी ठेवली. "पाणी बेताने घाल," असं तिला सांगून ती माझ्याकडे वळली. "आणि आवाज विसरू नको, अबू सायली. गप्प राहिलं की पाला बसतो." तिला कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. दार लागेपर्यंत ती नंदाला हात हलवत होती.

पिशवी वर्षभर तशीच होती. गेल्या शुक्रवारी मी ती उघडली. लसूण लाल झाला, फोडणी चुरचुरत पातेल्यात पडली. नंदा ओट्याला टेकून बघत होती. "आता ओढा श्वास," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही.

"अहो, एवढं साधं जमत नाही तुम्हाला?"

पाला हळूहळू तळाशी बसत गेला.