घंटेपर्यंतचा हात

परमेश्वराच्या भेटीला उडी मारून जाणारा मनुष्य मी माझ्या दीर्घ आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या धाकट्या बहिणीचा यजमान आहे. दिवेआगरला आमच्या आळीच्या टोकाशी शंकराचे लहानसे देऊळ आहे. मंडपाच्या दारातील घंटा भाविकाने हात उंचावून हळुवार वाजवावी, आपण आल्याचे देवाला विनयाने कळवावे आणि मग आत जावे, असा शिष्टाचार आहे. आमचे मेहुणे समुद्रावरचा व्हॉलीबॉल आटोपून येत, विहिरीवर हातपाय धूत, आणि अंगणातून धावत येऊन, पायरीवर एक पाय टेकून, हवेत उंच होत घंटेला उजव्या तळहाताचा असा तडाखा देत, की गाभाऱ्यातील समईच्या ज्योती हलत. त्या वेळी मी मंडपात सायंकाळच्या पाठाला बसलेला असे. ज्या श्लोकावर तो तडाखा पडे त्याचा धागा तुटे, आणि मी ते स्तोत्र पुन्हा पहिल्यापासून म्हणत असे. ‘भाऊजी, देव बहिरा नाही,’ असे मी त्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो. ‘ते मलाही ठाऊक आहे, दादा,’ ते म्हणत, ‘पण कोण आलंय ते त्याला कळायला नको?’ शेवटी देवस्थानच्या मंडळींनी विचारविनिमय करून घंटा वीतभर वर टांगली आणि इतरांच्या सोयीसाठी तिला दोरी बांधली. मेहुण्यांनी वर पाहिले, ‘नेट वाढवली वाटतं,’ एवढेच म्हणाले, आणि त्या संध्याकाळी आवाज पूर्वीपेक्षा मोठा आला.

साठी उलटल्यावर मनुष्याने खेळ सोडावा, निदान खेळाने तरी मनुष्याला सोडावे, असा निसर्गक्रम आहे. मेहुण्यांच्या बाबतीत दोघांनीही तो पाळला नाही. चक्रीवादळाने त्यांची वाडी आडवी केली तेव्हा उभ्या राहिलेल्या दोन माडांच्या मध्ये त्यांनी आधी नेट बांधली आणि मग पडलेल्या पोफळी पाहायला गेले. मनुष्यनिर्मित नियमांविषयी त्यांच्या मनात एक प्रकारची करुणा आहे. आगरदांड्याच्या धक्क्यावर बोटीत चढताना ‘एकेकाने या’ असे ओरडणाऱ्या खलाशाकडे ते जसे पाहतात, तसेच ते वैद्यकशास्त्राकडेही पाहतात. पन्नाशीच्या सुमारास कबड्डीत चढाई करताना त्यांच्या गुडघ्यातील गादी फाटली आणि पनवेलच्या एका रुग्णालयात दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. कमरेखालचा भाग तेवढा बधिर केलेला होता, त्यामुळे समोरच्या पडद्यावर त्यांना स्वतःच्या गुडघ्याचे अंतरंग दिसत राहिले. देहाच्या आत डोकावण्याचा योग महान तपस्व्यांना लाभतो असे आपण ऐकतो, यांना तो गुडघ्यापुरता लाभला. त्याचे वर्णन त्यांनी गावात केले ते एखाद्या तीर्थक्षेत्राचे करावे तसे: आत सगळे पांढरेशुभ्र, शहाळ्यातल्या कोवळ्या मलईसारखे, आणि मधून झुळझुळ पाणी वाहते आहे. फाटका भाग कातरला गेला तेव्हा त्यांनी शल्यविशारदांना ‘एवढं परत एकदा दाखवा’ अशी विनंती केल्याचे समजते. घरी आल्यावर चालण्यासाठी दिलेल्या कुबड्यांपैकी एकीने त्यांनी पेरू काढले आणि दुसरी शेजारच्या आजोबांना देऊन टाकली.

असा हा मनुष्य व्रताच्या बाबतीत मात्र वज्रासारखा कठोर आहे. चातुर्मासात त्यांनी वांगे सोडले म्हणजे सोडले. एका भाद्रपदातील संकष्टीला ढगांमुळे चंद्रदर्शन होईना. पंचांगात चंद्रोदयाची वेळ दिलेली असते आणि त्या वेळी पूर्वेला नमस्कार करून जेवता येते, हे मी त्यांना समजावले. ‘पंचांगवाल्याने पाहिला असेल चंद्र. मी नाही पाहिला,’ असे म्हणून ते उपाशी झोपले. डॉक्टरांचे न ऐकणारा आणि देवाला दिलेला शब्द न मोडणारा असा हा एकच देह असल्यामुळे, त्यावर उपचार करणे हे वैद्यकापेक्षा धर्मशास्त्राचेच काम आहे, हे मला पुढे कळले.

त्यांच्या खेळातला जोडीदार म्हणजे आमच्या मोहल्ल्यातले, कुवेतची नोकरी संपवून परतलेले एक गृहस्थ. ते चेंडू उचलून देतात आणि मेहुणे तो पलीकडे मारतात, ही व्यवस्था दोघांची मिसरूडे फुटली तेव्हापासूनची आहे. मध्ये कुवेत आले तेवढाच खंड. गेल्या पावसाळ्यानंतर एका संध्याकाळी माझा पाठ आरंभापासून समाप्तीपर्यंत अखंड पार पडला, आणि मला चैन पडेना. घंटा वाजली नव्हती. वळून पाहिले तर मेहुणे घंटेखाली उभे होते. उजवा हात डाव्या हाताने कोपराशी धरलेला, नजर वर. ‘जरा लचकलाय,’ ते म्हणाले. दाराशी चप्पल काढून उभे असलेले त्यांचे जोडीदार म्हणाले, ‘लचकला कसला, शास्त्रीबुवा! मी बॉल दिला, याने मारला, आणि कापड फाटावं तसा आवाज झाला. मी म्हटलं याचा बनियन गेला.’

बनियन शाबूत होता. खांदा धरून ठेवणारा स्नायुबंध हाडापासून सुटला होता. पुन्हा म्हसळ्यावरून पनवेल, पुन्हा दुर्बीण. या खेपेस पूर्ण भूल द्यावी लागल्यामुळे मेहुण्यांना काहीच पाहता आले नाही, आणि शस्त्रक्रियेपेक्षा त्यांना तेच अधिक लागले. शल्यविशारद एक तरुण बाई होत्या. सुटलेला भाग हाडाला पुन्हा शिवला आहे, असे त्यांनी आम्हाला सांगितले आणि मेहुण्यांकडे वळल्या. ‘काका, सहा आठवडे हात या झोळीत. स्वतःच्या ताकदीने वर उचलायचा नाही. उचललात तर शिवलेलं तुटेल.’ मेहुणे अत्यंत अदबीने ‘हो’ म्हणाले. त्या ‘हो’ची जात ओळखून माझी बहीण बाहेरच्या बाकावर बसून रडू लागली. ‘दादा, हे आठ दिवसांत नारळ सोलायला बसतील. तुम्ही काहीतरी करा.’

मी जे केले ते शास्त्राला धरून होते. घरी आल्यावर त्यांना पाटावर बसवले आणि त्यांच्याकडून रीतसर संकल्प सोडवून घेतला: मम दक्षिणस्कन्धस्य आरोग्यसिद्ध्यर्थं हस्तबन्धनव्रतम् अहं करिष्ये. संकल्पाचे उदक उजव्या हातातून सोडायचे आणि उजवा हात झोळीत, त्यामुळे पाणी झोळीतच मुरले. ‘नवी कोरी झोळी भिजवलीत!’ म्हणून बहीण मलाच रागावली. परंतु परिणाम विलक्षण झाला. ज्या मनुष्याला कुबड्या बांधून ठेवू शकल्या नव्हत्या, तो एका वाक्याने बांधला गेला. ते समुद्रावर जात, वाळूत बसत आणि खेळ पाहत. चेंडू अंगावर आला तरी उजवा हात हलत नसे. देवळात येत ते डाव्या हाताने नमस्कार करून खांबाशी टेकत. घंटेची दोरी डाव्या हाताने ओढा, असे मी एकदा सुचवले. ‘दोरीने? म्हणजे खालून सर्व्हिस केल्यासारखंच की,’ ते म्हणाले आणि पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत. माझा पाठ रोज निर्विघ्न होऊ लागला.

सहा आठवडे संपले. डॉक्टरीणबाईंनी खांदा तपासला, शिवण उत्तम धरली आहे असे सांगितले आणि झोळी काढून व्यायाम सुरू करायला सांगितले. मेहुण्यांनी झोळी काढली, व्यायाम समजावून घेतले, आणि बाहेर येताच झोळी पुन्हा गळ्यात घातली. विचारले तर म्हणाले, ‘संकल्प आरोग्यसिद्धीचा आहे. अजून दुखतंय.’ आणखी काही दिवसांनी विचारले तर म्हणाले, ‘उद्यापन चांगल्या दिवशी करू.’ मी चांगला दिवस काढून दिला. त्या दिवशी त्यांना घशात खवखव होती. बहिणीने पनवेलला फोन लावला, तेव्हा पलीकडून बाई कधी नव्हे त्या कठोर झाल्या. ‘काकांना सांगा, आधी हलवू नका म्हणाले होते, आता हलवलाच पाहिजे. असाच बांधून ठेवला तर खांदा आखडून जाईल. मग हात वर जाणार नाही, कधीच.’ आयुष्यात प्रथमच आमचे मेहुणे एका नियमाला चिकटून बसले होते, आणि तो नियमच आता त्यांचा हात घेऊन जाणार होता.

समुद्रावर जोडीदाराने आपल्या परीने प्रयत्न केला. ‘काय यार, हाताचा रोजा अजून चालूच? मगरिबची अजान कधीच होऊन गेली! सोड आता.’ मेहुणे हसले, पण झोळी गळ्यात तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी बहीण माझ्याकडे आली आणि पदराच्या टोकाशी चाळा करीत म्हणाली, ‘दादा, व्रतबीत काही नाही हो. घाबरलेत ते. आंघोळीच्या वेळीसुद्धा हात पोटाशी असा धरून असतात, तान्ह्या बाळासारखा.’ मी पोथी मिटली. चाळीस वर्षे ज्यांना मी निर्भयतेचा अतिरेक म्हणून ओळखत आलो, त्यांच्याविषयी हे वाक्य माझ्या कल्पनेत कधी आले नव्हते.

संध्याकाळी मी त्यांना देवळात घंटेखालच्या पायरीवर बसवले.

‘भाऊजी, एकादशीचं पारणं द्वादशी ओलांडून केलं तर काय होतं?’

‘व्रत फळत नाही.’

‘मग?’

त्यांनी झोळीची गाठ चाचपली. मग मला ओळखू न येणाऱ्या आवाजात म्हणाले, ‘दादा, सोडला आणि पुन्हा तुटला तर?’

‘देवासमोरच सोडायचा आहे,’ मी म्हटले. ‘तुटला तर तक्रारीला लांब जावं लागणार नाही.’

त्यांनी माझ्याकडे पाहिले. माझा चेहरा पाठांतराच्या सवयीने गंभीरच असतो, त्याचा त्या दिवशी उपयोग झाला. झोळीची गाठ मी सोडली. बहिणीने नैवेद्याचा शिरा आणला होता. तो त्यांनी उजव्या हाताने तोंडाकडे न्यायचा, हेच पारणे ठरवले. हात तोंडापर्यंत पोचायला जो वेळ लागला त्यात शिरा गार झाला, परंतु पोचला.

त्यानंतरचा व्यायाम देवळातच होऊ लागला. भिंतीवर बोटे कोळ्यासारखी चालवत हात वर न्यायचा, असा बाईंनी सांगितलेला प्रकार होता. मेहुण्यांनी भिंतीऐवजी घंटेजवळचा खांब निवडला. ज्या उंचीवर बोटे थांबत, तेथे ते डाव्या हाताने कुंकवाचा एक ठिपका लावीत. ठिपके पोटापासून छातीपर्यंत चढले, छातीशी बरेच दिवस रेंगाळले. पर्यटकांच्या हंगामात पुण्यामुंबईची पाहुणे मंडळी देवळात येतात. त्यांनी तो खांब पाहिला, प्रत्येक ठिपक्याला बोट लावून कपाळाला लावले, आणि एका कुटुंबाने तर लहान मुलांनाही खालून वरपर्यंत नमस्कार करायला लावला. ‘ही इथली काय प्रथा आहे?’ असे एका सद्गृहस्थाने मला विचारले. मी खरे तेच सांगितले, की ही आरोग्यासाठी केलेली उपासना आहे आणि अद्याप पूर्ण झालेली नाही. देवस्थानच्या मंडळींनी स्वतःहून घंटा पूर्ववत खाली आणण्याचा ठराव मांडला, तेव्हा मेहुणे ताडकन उठले. ‘नेट खाली घेऊन कुणी खेळतं का?’ ठराव बारगळला.

खेळ मात्र पूर्वीचा परत आला नाही. बाईंनी चेंडू मारायला स्पष्ट मनाई केली आहे, आणि कधी नव्हे ते त्यांनी ऐकले आहे. आता ते चेंडू उचलून देतात आणि कुवेतचे गृहस्थ मारतात. ते चेंडू बहुधा नेटमध्ये जातात, आणि मग ‘तू दिलासच खाली!’, ‘तुला उडी कुठे येते!’ अशी दोघांची जुंपलेली ऐकू येते.

परवा सायंकाळी मी पाठाच्या मध्यावर होतो. मागे घंटा एकदाच, अगदी हलकी वाजली. माहेरपणाला आलेली एखादी लाजरी मुलगी असावी, असे मला वाटले. कोण आहे म्हणून वळून पाहिले. मेहुणे पायरीवर टाचा उंचावून उभे होते. दोरी बाजूला लोंबत होती. उजवा हात पूर्ण वर, आणि मधल्या बोटाचे टोक लोलकाला जेमतेम टेकलेले. खांबावरचा सर्वांत वरचा ठिपका ओला होता. समईच्या ज्योती हलल्या नव्हत्या.

‘काय हो दादा,’ ते हात तसाच ठेवून, हळू आवाजात म्हणाले, ‘कळलं असेल ना त्याला, कोण आलंय ते?’

एवढ्याशा आवाजाने श्लोकाचा धागा तुटला नव्हता. मला तो तेथूनच पुढे म्हणता आला असता. मी पोथीची पाने मागे उलटली आणि स्तोत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.