नजर फितीवर, कान फळ्यांकडे

आमचे शाळेतले पी.टी.चे सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी शंभर मीटर पंधरा सेकंदांच्या आत धावायचा हट्ट त्यांनी सोडला नव्हता. मागच्या हिवाळ्यात पणजीजवळच्या स्टेडियमवर प्रौढ खेळाडूंची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. स्पर्धा नवी, तिचं दुसरंच वर्ष. श्रीलंका, नेपाळ असे जवळपासच्या देशांतले धावपटू येणार होते. साठीवरच्या पुरुषांच्या शंभर मीटरमध्ये सरांनी नाव दिलं आणि मला फोन केला, "पुता, रविवारी नार्व्याला ये. जरा घड्याळ लावून बघूया."

मी पेडण्याला सरकारी कचेरीत कारकून आहे. सरांनी बोलावलं की मी जातो. बारावीनंतर कॉलेजचा फॉर्म कसा भरतात हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. वडील खाणीवर ट्रक चालवायचे, आई शेतात राबायची. सरांनी तो फॉर्म स्वतःच्या पेनाने भरला, फोटो चिकटवला आणि म्हापशापर्यंत माझ्याबरोबर बसमधून आले. आमच्या घरात पहिला पदवीधर मी झालो तो त्यांच्यामुळे.

नार्व्याचं मैदान म्हणजे नदीकाठच्या शेताला लागून असलेली सपाट जागा. सरांचे शेजारी फणसाच्या लाकडाच्या दोन फळ्या घेऊन सुरुवातीच्या रेषेवर उभे राहिले. बिजागरीने जोडलेल्या या फळ्या सरांनी शाळेसाठी करून घेतल्या होत्या. त्या एकमेकींवर आपटल्या की शर्यत सुटायची. मी दुसऱ्या टोकाला, शेवटच्या फितीजवळ, घड्याळ घेऊन. वेळ कशी लावायची ते सरांनीच शाळेत शिकवलं होतं: नजर फितीवर, कान फळ्यांकडे. फितीवरून नजर हलली तर शेवट चुकतो, असं ते सांगत. आवाज आला की बटण दाबायचं, छाती फितीला लागली की पुन्हा दाबायचं.

सर तीनदा धावले. तिसऱ्यांदा चौदा पूर्णांक आठ.

"सर, मागे कुत्रो लागलो की काय?" शेजारी लांबून ओरडले.

"तुझ्या फळ्यांना भिऊन पळालो," सर धापा टाकत म्हणाले. त्या दिवशी पदेराकडे पाव घेताना, देवळात, बसस्टॉपवर, सगळीकडे त्यांनी चौदा पूर्णांक आठ सांगितलं.

स्पर्धेत वेळ टिपायला स्वयंसेवक हवे होते, म्हणून मीही नाव दिलं होतं. दोन दिवस आधी आमचा प्रशिक्षणवर्ग झाला. शिकवणाऱ्या बाईंनी पहिलंच वाक्य सांगितलं, "आवाजावर घड्याळ सुरू करू नका. पिस्तुलाचा धूर दिसला की करा. आवाजाला शंभर मीटर यायला जवळजवळ तीन दशांश सेकंद लागतात. तेवढा वेळ तुम्ही धावपटूला फुकट देता."

बाकीचे लिहून घेत होते. माझा हात थांबला. आमच्या शाळेत कधीच कुणी फळ्यांकडे पाहिलं नव्हतं. सगळे फितीकडे बघत होतो, सरांनी सांगितलं होतं तसे.

सरांचे चौदा पूर्णांक आठ म्हणजे खरे पंधरा पूर्णांक एक. मी सांगितलं नाही. उद्यापरवा धावायचं आहे, म्हाताऱ्या माणसाला आता कशाला, असा विचार केला.

लेनची सोडत निघाली आणि सर नेमके माझ्याच लेनमध्ये आले. एका लेनला आम्ही तिघे घड्याळवाले. दूरवर सर वाकले, मी धुरावर डोळे ठेवले. धूर दिसला, बटण दाबलं, मग आवाज आला. हे अंतर मी पहिल्यांदाच स्वतः अनुभवलं. सर मान ताठ ठेवून आले, पाचवे. तीन घड्याळांत पंधरा पूर्णांक एक, पंधरा पूर्णांक एक आणि पंधरा पूर्णांक दोन.

मंडपामागे एका कदेलवर, म्हणजे खुर्चीवर, बसून त्यांनी बूट सोडले. मी त्यांच्यासाठी भाजी-पाव आणला होता. त्यांनी तो मांडीवर तसाच ठेवला.

"आठवड्यात म्हातारो झालो बघ," ते म्हणाले. "घरी काकी तुझी सांगत होती, आता पुरे. तिचंच खरं. हे बूट कुणाला होतात ते बघ."

ते ऐकून मला गप्प बसवेना. मी त्यांना धूर, आवाज, तीन दशांश, सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज शाळेतल्या पोरासारखा झाला. "तुम्ही म्हातारे झाला नाही, सर. रविवारी तुम्ही जेवढे धावलात तेवढेच आज धावलात. घड्याळ चुकीचं लावत होतो आपण."

मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. ते हसले नाहीत.

"म्हणजे तालुक्याला, डिचोलीला, पोरं धावायची तेव्हा तीन दशांश मी देत होतो," ते म्हणाले. "आणि पणजीला धूर बघून बरोबर वेळ लावायचे."

"होय, सर."

"आणि परतीच्या बसमध्ये मी काय बोलायचो?"

ते वाक्य मला पाठ होतं. डिचोलीला एवढं पळता आणि पणजी बघून घाबरता. मलाही ते एकदा ऐकावं लागलं होतं. पुढे नोकरीच्या मुलाखतीला गेलो तेव्हा दारात उभं राहून मी स्वतःला तेच सांगत होतो की, मी मोठ्या जागी घाबरणारा माणूस आहे.

"तुला वेगळं सांगायला हवं काय?" त्यांनी विचारलं.

"नको, सर."

"तरी सांगतो. घाबरला नव्हतास तू." मग हात पुढे केला. "फोन दे. तो केरीचा पोरगा, आता हरमलला पर्यटकांना खोल्या देतो तो. त्याला मी सगळ्यात जास्त बोललो होतो."

मी नंबर लावून स्पीकर चालू केला. मागे स्कूटरचा आवाज येत होता.

"सर? बरे मां? आता गिऱ्हाईक आलंय, मागीर करू?"

"दोनच मिनिटं. तू दहावीत पणजीला धावलास, आठवतं?"

"न आठवून कसं, सर? माझे पाय थरथरले होते. बायकोलाही सांगतो मी, पणजीला गेलो की हातपाय गळतात. बाजाराला तीच जाते."

सरांनी डोळे मिटले. "थरथरले नव्हते. तू तालुक्याला धावलास तेवढाच धावला होतास. वेळ मी चुकीची लावत होतो. माझी चूक होती, पुता, तुझी नव्हती."

स्कूटर बंद झाली. पलीकडे कुणीतरी इंग्रजीत खोलीबद्दल काही विचारलं.

"एवढ्या वर्षांनी सांगता, सर," तो शेवटी म्हणाला.

"मला आज कळलं."

"मग आता बायकोला काय सांगू?"

"खरं ते सांग. आणि पुढच्या बाजाराला तू जा."

तो हसला, थोडा उशिरा, आणि गिऱ्हाईक थांबलंय म्हणून फोन ठेवला. सरांनी पावाचा एक तुकडा मोडला, खाल्ला आणि मला विचारलं, "ते दोघे भाऊ होते बघ, लांब पायांचे. त्यांचा नंबर असेल कुणाकडे?"

माझ्याकडे नव्हता. मी शोधायला लागलो.